माहेरवाशिणींचा हंगाम

सांगलीतल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४४, दहावी १९९८ची. माहेर गावभागात, सासर विश्रामबागला, म्हणजे गाव सुटलेलं नाही. त्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा क्रीडा हंगाम गेली सहा वर्षं डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सुरू होतो आणि २६ जानेवारीला संपतो. एका बॅचचा एक क्लब, क्लबामागे पाच हजार वर्गणी. टेनिस बॉलचं क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल. चौदा क्लब आहेत, चौदाही पुरुषांचे. बायकांसाठी शेवटच्या दिवशी संगीत खुर्ची असते, आणि बक्षीस समारंभाची रांगोळी व औक्षण त्यांच्याकडे.

ताई शाळेत असताना खो-खो खेळायच्या. यंदा त्यांनी मंडळाकडे महिलांचा खो-खो मागितला. उत्तर मिळालं, "आधी दोन संघ उभे करून दाखवा, मग बघू. मुली येतात कुठे?" एक जण असंही म्हणाला, की सांगली क्रिकेटपटू विजय हजाऱ्यांचं गाव, इथे माणसं क्रिकेट बघायला येणार, खो-खो आता कोण बघतं? ताईंनी बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. ग्रुपवर मुली अकरा, त्यांतल्या तिघी हो म्हणाल्या. शाळेच्या संघाची तेव्हाची कॅप्टन गावातच आहे. ती "मला नको गं" एवढंच म्हणाली. ताईंना वाटतं, तिला आता आपल्यात मिसळायचं नाही. घरी यजमान म्हणतात, या वयात पाय मोडून घेशील. शाळेच्या मैदानावरचे खो-खोचे खांब केव्हाच काढलेत, त्या कोपऱ्यात आता क्रिकेटची खेळपट्टी आहे. मुलगी त्याच शाळेत आठवीला आहे आणि आई कधी खेळायची हे तिला माहीतच नव्हतं.

ताई विचारतात: मंडळाशी भांडू, मैत्रिणींना घेऊन दुसरीकडे खेळू, की हा नाद सोडून देऊ?

* * *

ताई,

तुमच्या पत्रात एकच गोष्ट दोनदा आलीय. पहिल्यांदा ती मंडळाच्या तोंडून आली, "मुली येतात कुठे?" तेव्हा तुम्ही चिडलात. दुसऱ्यांदा ती तुमचीच आहे. ग्रुपवर तिघींचाच होकार आल्यावर तुम्ही लिहिलंत, "म्हणजे त्यांचंच खरं होतं बहुतेक." भांडायचं की सोडायचं हे नंतर बघू. आधी हे "बहुतेक" तपासू या.

दहावीच्या तिन्ही तुकड्या मिळून तुमच्या वर्षी मुली सत्तरच्या आसपास होत्या, असं तुम्हीच लिहिता. ग्रुपवर आहेत अकरा. उरलेल्या साठएक जणींनी तुम्हाला नाही म्हटलेलं नाही. त्यांच्यापर्यंत प्रश्न पोचलाच नाही.

माझी शाळा साताऱ्याची. लग्न होऊन मी त्याच गावात राहिले, शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. तरी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत माझ्या नावापुढे कित्येक वर्षं 'पत्ता उपलब्ध नाही' असं लिहिलेलं होतं. नाव माहेरचं, पत्ता वडिलांच्या जुन्या भाड्याच्या घरचा. दर वर्षी आमंत्रण त्या घरी जायचं आणि परत यायचं. मी रोज संध्याकाळी त्याच शाळेच्या कुंपणाला लागून भाजी आणायला जात होते. शेवटी एका वर्गमैत्रिणीची आई मंडईत भेटली आणि म्हणाली, "अगं, तू सापडत नाहीस म्हणे." कुणी मुद्दाम केलं नव्हतं, म्हणूनच ते इतकी वर्षं तसंच चाललं. ते वाक्य मला आजही लागतं.

शाळेच्या जनरल रजिस्टरला मुलीचं नाव वडिलांच्या नावा-आडनावासकट असतं. लग्नानंतर आडनाव बदलतं, कुठे कुठे पाळण्यातलं नावही बदलतं, पत्ता बदलतो, फोन तर त्या काळी घरचा एकच होता. मुलगा मात्र त्याच नावानं, बरेचदा त्याच पेठेत, त्याच दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला सापडतो. मग ग्रुप कुणाचा आधी होणार? एकानं दुसऱ्याला जोडायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. मुलांची साखळी सराफ कट्ट्यापासून मारुती रोडपर्यंत एका संध्याकाळी पुरी होते. मुलींची साखळी पहिल्याच कडीला तुटते. तुमच्या सांगलीत तर २००५ आणि २०१९चे महापूर आले. गावभागातल्या काही घरांनी त्यानंतर उंचावर बिऱ्हाडं नेली, म्हणजे माहेरचा पत्ताही राहिला नाही. अशा वेळी "मुली येत नाहीत" म्हणणं म्हणजे ज्या दारावर थाप मारलीच नाही, ते उघडत नाही अशी तक्रार करणं.

म्हणून पहिलं काम शोधाचं. मोबाइलवर नाव टाकून शोधलंत तर माहेरच्या आडनावानं फारशा सापडणार नाहीत. दहावीच्या निरोपसमारंभाचा वर्गाचा फोटो काढा. तुमच्याकडे नसेल तर कुणाच्या तरी आईच्या कपाटात असतोच. तो समोर ठेवून तुम्ही चार मैत्रिणी बसा आणि ओळीनं नावं लिहा. ज्या नावापुढे काहीच आठवत नाही तिथे तिच्या भावाचं नाव आठवा, कारण भाऊ बहुधा सापडतो. गंमत म्हणजे तुमच्या त्या चौदा क्लबांत खेळणारे कितीतरी जण कुणा ना कुणा माजी विद्यार्थिनीचे सख्खे भाऊ आहेत. एकाच शाळेत भाऊ-बहीण दोघं शिकली, भाऊ गेली सहा वर्षं दर रविवारी मैदानावर आहे आणि बहिणीला असा काही हंगाम असतो हे ठाऊक नाही, अशी घरं तुम्हाला सापडतील. फक्त एक पाळा: नंबर भावाकडून घेतलात तरी ग्रुपमध्ये टाकण्याआधी तिला स्वतः फोन करा. नाही म्हणायचा हक्क तिचा आहे, आणि हो म्हणायचाही.

आता हंगामाच्या तारखा बघा. डिसेंबर ते २६ जानेवारी, दर रविवारी. ज्याचं घर, दुकान, नोकरी सांगलीत आहे त्याला ही फार सोयीची वेळ. हवा छान, संध्याकाळी भडंग आणि चहा, सगळे तिथल्या तिथे. पुण्याला किंवा इचलकरंजीला दिलेली मुलगी आठ रविवार सांगलीला येणार कशी? तिच्याकडे रविवारी घरची माणसं सुट्टीवर असतात, म्हणजे तिचा तो सगळ्यांत कामाचा दिवस. त्यात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं. पण हीच मुलगी वर्षातून दोन वेळा सांगलीत असते. एकदा मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत. आणि एकदा भाऊबीजेला.

माझं म्हणणं, तुमचा हंगाम भाऊबीजेला धरा. मेमधलं सांगलीचं ऊन मैदानावर उभं राहू देत नाही. दिवाळीपर्यंत पावसाचा चिखल वाळलेला असतो, सकाळी गारवा असतो. शाळेला सुट्टी असते, त्यामुळे कुठल्या मुलाचा सराव अडत नाही. ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण मोठ्यांच्या सामन्यांसाठी शाळेच्या पोरांना मैदानाबाहेर बसवलेलं मी पाहिलंय आणि मला ते कधीही पटलं नाही. भाऊबीजेच्या दिवशी स्वयंपाकघर सुटत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीची सकाळ, सात ते दहा. त्या दिवशी भाच्यांना सांभाळणं हीच भावांनी घातलेली ओवाळणी समजावी, असं बेलाशक कळवून टाका. एका सकाळीत तीन सामने होतात. जमलं तर मेमध्ये पहाटे साडेसहाला एक परतीचा सामना. लोक आठ रविवारांना हंगाम म्हणतात ते त्यांना आठ रविवार जमतात म्हणून. तुमचा हंगाम सप्टेंबरमध्ये आपापल्या गावी सरावानं सुरू होईल आणि दिवाळीत माहेरच्या मैदानावर पुरा होईल.

"आपापल्या गावी" असं का म्हटलं ते सांगते. बॅचवार क्लब ही कल्पनाच तुम्हाला अडवते आहे. खो-खोला मैदानात नऊ जणी लागतात: आठ बसलेल्या, एक पाठलाग करणारी. एकाच बॅचच्या नऊ जणी, खेळू शकणाऱ्या, एकाच दिवशी सांगलीत, हे गणित जमणं अवघड. जमलं नाही की मंडळ म्हणणार, बघा. त्याऐवजी आज कोण कुठे राहते त्यावर क्लब करा. एक सांगली-मिरज-कुपवाडचा. एक पुणेकरांचा, कारण तुमच्या शाळेच्या पुण्यात असलेल्या मुली मोजल्यात तर तुम्हालाच आश्चर्य वाटेल. एक कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूरकडच्यांचा. १९८५ची दहावी आणि २०१०ची दहावी एकाच संघात बसू दे. पुण्यातल्या पाच जणी तिथेच एखाद्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत आठवड्यातून एकदा भेटू शकतात. त्यांना सरावासाठी सांगली गाठावी लागत नाही. आणि परक्या शहरात आपल्या शाळेची एखादी धाकटी किंवा थोरली शेजारच्याच रस्त्यावर राहते हे कळणं, याचं मोल खेळाहून कमी नाही.

नऊ भरल्या नाहीत तर सातांनी खेळा. सहा बसलेल्या, एक धावणारी, दोन चौकोन मोकळे. आपण राष्ट्रीय स्पर्धा भरवत नाही. "आधी दोन संघ दाखवा" ही अट तुम्ही मनातल्या मनात "आधी अठरा खेळाडू दाखवा" अशी करून घेतलीय. चौदा जणी पुरतात.

"खो-खो आता कोण बघतं" याला उत्तर हवं असेल तर ते तुमच्या हाताशी आहे. १९ जानेवारी २०२५ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. भारताच्या महिलांनी नेपाळला ७८–४० असं हरवलं आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्याआधी २०२०ला धाराशिवच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला होता. हजारे सांगलीत जन्मले, १९५२ला मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच होते, या गोष्टीचा अभिमान तुम्हालाही असेल, मलाही आहे. पण त्याच सांगलीत स्मृती मानधना लहानाची मोठी झाली, आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये भारताच्या महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा ती संघाची उपकर्णधार होती. सांगली क्रिकेटचं गाव आहे म्हणून मुलींनी बाजूला बसावं, असं ज्याला म्हणायचंय त्याला निदान सांगलीचा दाखला देता येणार नाही.

तरीही, भांडू का, याला माझं उत्तर सरळ "हो" असं नाही. तुमच्या पत्रातून मंडळ म्हणजे एक भिंत आहे असं वाटतं. बहुधा ते सात-आठ दमलेले पुरुष असतील, जे मांडव, पंच, ट्रॉफ्या, नाश्ता आणि वर्गणी यांत डिसेंबर घालवतात आणि ज्यांना नवं काही सांगितलं की आधी आणखी एक काम दिसतं. त्यांचं बोलणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. "मुली येतात कुठे" हे बोलणं तुच्छतेचं आहे आणि तुम्हाला ते लागलं यात नवल नाही. पण तोंडी मागितलेल्या गोष्टीला तोंडी नकार मिळतो. लेखी मागा. मंडळ नोंदणीकृत आहे का ते विचारा. असेल तर त्याची घटना असते, सभासदांचं रजिस्टर असतं, वार्षिक सर्वसाधारण सभा असते. सभासद यादीत बायका किती आहेत ते बघा. सभासद फी भरून आधी दहा-पंधरा जणी रीतसर सभासद व्हा. मग दहा सह्यांचा अर्ज द्या: भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तीन तास मैदान, हंगामाच्या पत्रिकेत महिला खो-खोचा उल्लेख, आणि जमा वर्गणीतून मैदानावर कायमचे दोन खांब. तिन्ही मागण्या एवढ्या साध्या आहेत की नाही म्हणायला कारण शोधावं लागेल. अर्जाची एक प्रत मुख्याध्यापकांना द्या. मैदान शाळेचं आहे, मंडळाचं नाही, हे सगळेच विसरतात.

आणि वर्गणी भरा, पूर्ण पाच हजार. सवलत मागू नका. ज्या घरात बाईच्या हातात स्वतःचा पैसा नसतो तिथे पाचशे रुपयेही मागून घ्यावे लागतात, हे मला ठाऊक आहे, म्हणून कोण किती देते हे आपसात गुप्त ठेवा आणि जिला जमतं तिनं दुसरीचे भरा. पण मंडळाला रक्कम पुरती द्या. वर्गणी भरलेल्या क्लबाची संगीत खुर्चीवर बोळवण करता येत नाही.

दुसरीकडे खेळण्याचा तुमचा विचार मी अर्धा घेते. सरावाला कुणाची परवानगी कशाला हवी? कॉलनीची मोकळी जागा असेल, आमराईत पहाटेचं चालणं-पळणं असेल, उद्याच सुरू करा. मंडळाचं उत्तर यायची वाट बघत बसलात तर दिवाळी निघून जाईल. मात्र सामना शाळेच्या मैदानावरच व्हावा, यावर मी अडून बसेन. कारण तुमच्या पत्रातलं जे वाक्य मी सगळ्यांत जास्त वेळा वाचलं ते तुमच्याबद्दलचं नाहीच. खांब काढलेत, हे ते वाक्य. खांब काढले तेव्हा कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्या सगळ्या लग्न होऊन गेल्या होत्या. आज तुमची आठवीतली मुलगी ज्या मैदानावर जाते तिथे तिच्यासाठी काहीच रोवलेलं नाही. चौदा क्लबांचे सत्तर हजार दर वर्षी जमतात आणि ट्रॉफ्या होऊन चौदा घरांच्या शोकेसमध्ये जातात. दोन लाकडी खांब पुरले तर ते वर्षभर तिथे राहतील. तुम्ही वर्षातून एक सकाळ खेळाल, पोरी रोज खेळतील. दुसऱ्या मैदानावर खेळलात तर तुमची हौस फिटेल, एवढंच. नाद सोडण्याबद्दल मी काही लिहीत नाही. सोडायचा असता तर तुम्ही सहा पानी पत्र लिहिलं नसतंत.

आता पायाबद्दल. तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं मनावर घ्या. खो-खोत धोका पळण्यात कमी, बसून एकदम उठण्यात जास्त. चौकोनात पवित्रा घेऊन बसायचं, खो मिळाला की एका क्षणात झेप घ्यायची. चौदाव्या वर्षी हे शरीर आपोआप करायचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, वीस वर्षं न धावलेल्या पायानं तेच केलं तर पोटरी किंवा टाचेच्या वरची जाड शीर तुटू शकते, गुडघा मुरगळतो. म्हणून निदान आठ आठवडे आधीपासून तयारी. पहिले दोन आठवडे नुसतं भरभर चालणं. मग चालण्यात अधूनमधून मिनिटभर हलकं पळणं. घरी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आधी दहा वेळा, मग हळूहळू वाढवत. पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली करणं. शेवटच्या तीन आठवड्यांतच चौकोनात बसणं आणि खो घेणं. दिशा बदलण्याचा, हुलकावणी देण्याचा सराव अगदी सावकाश सुरू करा. गुडघा तिथेच दगा देतो. रक्तदाब, मधुमेह, छातीत धडधड, थायरॉइड, जुनी गुडघेदुखी यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि "खो-खो खेळणार आहे" असं स्पष्ट सांगा. "थोडा व्यायाम करते" म्हटलं तर ते वेगळाच सल्ला देतील.

नियमही आपल्या वयाचे करा. नऊ मिनिटांचा डाव चार मिनिटांवर आणा. खांबावर सूर मारायचा नाही, हा पहिला नियम, आणि तो पंचांनी कडक पाळायचा. बदली खेळाडू केव्हाही. आदल्या दिवशी मैदान झाडून खडे वेचा, हलकं पाणी मारा. बर्फ, क्रेप बँडेज आणि एखादी गाडी जवळ असू दे; १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये. अनवाणी खेळायची आपली जुनी सवय आता नको.

एक विषय बायका एकमेकींशीही बोलत नाहीत, म्हणून इथे लिहिते. बाळंतपणानंतर अनेक जणींना पळताना, उडी मारताना, अगदी खळखळून हसतानाही थोडी लघवी होते. लाजेनं त्या पळणंच सोडतात आणि कारण विचारलं की "आता कुठे जमतंय" म्हणतात. हे सर्रास होतं, वयाबरोबर सोसायचं म्हणून सोडून द्यावं असं ते नाही, आणि ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या व्यायामानं पुष्कळ जणींना फरक पडतो. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात. चाळिशीत पाळी अनियमित होते, अंगावरून जास्त जातं, त्याचीही धास्ती असते. म्हणून मैदान मागताना शाळेचं मुलींचं स्वच्छतागृह उघडं आणि साफ हवं, पाणी आणि आतून लागणारी कडी हवी, हे अर्जात लिहा. पुरुषांच्या क्लबांना सहा वर्षांत हे सुचलं नसेल, कारण त्यांना गरज पडली नाही. कपड्यांचंही आधीच ठरवा: ट्रॅक पँट, लांब सैल टी-शर्ट, आतून घट्ट आधार देणारी ब्रा. जिला ओढणी घेऊन खेळायचं असेल तिनं ती कमरेला बांधावी. आदल्या रात्री सासरी कपड्यांवरून चर्चा व्हायला नको, एवढ्यासाठी हे सगळ्यांचं मिळून ठरलेलं बरं.

इतर गावांतल्या ज्या वाचकांची अशी मंडळं आहेत, साताऱ्यात, कऱ्हाडला, तासगावला, त्यांतल्या पुरुषांना माझी एक विनंती आहे. तुमच्या बॅचचा ग्रुप उघडून त्यात मुली किती ते मोजा आणि वर्गात किती होत्या ते आठवा. फरक दिसला तर "त्या येत नाहीत" असं म्हणायच्या आधी घरी जाऊन स्वतःच्या बहिणीला विचारा, तिच्या शाळेनं तिला कधी बोलावलंय का. आणि खेळ खो-खोच हवा असं नाही. कुठे थ्रोबॉल असेल, कुठे लेझीम. बायकांना काय खेळायचंय हे बायकांनी सांगावं.

आता तुमची कॅप्टन.

"मला नको गं" या तीन शब्दांवर तुम्ही केवढं काही रचलंत. ती शिष्ट झाली, तिला आपल्यात मिसळायचं नाही. मी तिला ओळखत नाही, तरी मला तसं वाटत नाही. तुम्ही मध्यम खेळायचात, असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून परत मैदानावर उतरणं तुम्हाला सोपं आहे. जी सर्वांत चांगली होती तिला ते सोपं नाही. तिला आठवतंय ते शरीर वेगळं आहे. तीन-तीन मिनिटं पळती करणारी, साखळीतून वाट काढत जाणारी, खांबाला वळसा घालून हुलकावणी देणारी मुलगी सगळ्यांच्या आठवणीत आहे आणि आपण पहिल्याच तुकडीत वीस सेकंदांत बाद होणार हे ती जाणते. त्यात वर लिहिलेल्यांपैकी काही तिला असेल, कुणाचं आजारपण घरात असेल, कदाचित खेळ सोडावा लागला तेव्हाचं काही मनात राहिलं असेल. तुम्ही लिहिलंय की ती विभागापर्यंत खेळली आणि बारावीनंतर लगेच लग्न झालं. त्या दोन गोष्टींच्या मध्ये काय झालं, हे तुम्ही तिला कधी विचारलंत का? सव्वीस वर्षं एकाच गावात राहून?

तिला खेळायला बोलावू नका. ग्रुपवर तर अजिबात नको, तिथे सगळ्यांसमोर तिला पुन्हा एकदा नाही म्हणावं लागेल. एखाद्या दुपारी घरी जा. चहा घ्या. खेळाचा विषय तिनं काढला तरच बोला, आणि तिनं विचारलं की तू खेळणारेस का, तर खरं सांगा, की भीती वाटते. मग सांगा की शाळा खांब रोवायला तयार झाली तर नेमके कुठे रोवायचे हे आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. मैदान सत्तावीस मीटर बाय सोळा हे पुस्तकात मिळेल. पण तुमच्या वेळी ते कडुलिंबाच्या बाजूनं होतं की पाण्याच्या टाकीच्या, सकाळचं ऊन पाठलाग करणारीच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून सरांनी ते कसं फिरवून घेतलं होतं, हे कॅप्टनला ठाऊक असणार. तेवढं दाखवायला येशील का, असं विचारा.

ती आली तर तुमच्या मुलीला बरोबर घ्या, टेपचं दुसरं टोक धरायला. घरातली पाच मीटरची टेप पुरणार नाही. गवंड्याकडून तीस मीटरची मागून आणा, आणि फक्कीची एक पिशवी.